मदत हवी आहे: फ्रीमाँटजवळ न घाबरवणारा हॅलोविन (पाच वर्षांची लेक + सासूबाई)

नमस्कार मंडळी,

बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग) येऊन आम्हाला दीड वर्ष झालं, फ्रीमाँटमध्ये अपार्टमेंटात राहतो. लेक पाच वर्षांची, यंदाच किंडरगार्टनला जायला लागली. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. प्रश्न हॅलोविनचा आहे (३१ ऑक्टोबरला वेश करून दारोदार कँडी मागायचा तो इथला सण), आणि हसू नका, पण मला आत्तापासूनच टेन्शन आलंय.

गेल्या वर्षी एका भोपळ्यांच्या मळ्यावर गेलो होतो (नाव लिहीत नाही). दारावर 'फॅमिली फन' अशी पाटी, म्हणून निर्धास्त होतो. गवताच्या भाऱ्यांमधून चाललोय, तोच मुखवटा घातलेला एक पोरगा धडधडती करवत घेऊन आडून बाहेर आला. त्या करवतीची साखळी काढलेली असते म्हणे. चार वर्षांच्या पोरीला हे कोण सांगणार? ती जी माझ्या मानेला चिकटली ती गाडीत बसेपर्यंत सुटली नाही. तिकिटं, उड्या मारायची फुगवलेली गादी आणि एक भोपळा मिळून नव्वद डॉलर गेले ते वेगळंच. अजूनही रात्री बाथरूमला जायचं तर मला दारात उभं राहावं लागतं.

यंदा सप्टेंबर लागत नाही तोच मागच्या गल्लीत एकाने होम डेपो दुकानातला तो बारा फुटी सांगाडा उभा केला. सासूबाई संध्याकाळी फिरायला गेल्या आणि तशाच परत आल्या. "दारात मढं कोण उभं करतं गं? तेही पितृपक्षात?" आता आजी आणि नात दोघी मिळून ती गल्ली टाळतात.

गंमत अशी की लेकीला हॅलोविन हवा आहे. शाळेत दुसरा विषयच नाही. वेश करायचाय, कँडी गोळा करायचीय, फक्त भूत नकोय. तर दिवसा जाता येईल, सासूबाईंना (गुडघे दुखतात) मध्येमध्ये बसता येईल, आणि आडून कोणी अंगावर येणार नाही असं जवळपास काही आहे का? नवऱ्याची शनिवार-रविवारी बऱ्याचदा ऑन-कॉल ड्युटी असते. मी गाडी चालवते, पण ८८० नंबरच्या फ्रीवेवर घालायचं अजून धाडस होत नाही. शिवाय आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. ३१ तारखेला रात्री अपार्टमेंटवाले नक्की काय करतात तेही सांगा. गेल्या वर्षी आम्ही दिवा बंद करून चोरासारखे आत बसलो होतो.

सॅनहोजेकर

दिवा बंद केलात ते नकळत बरोबरच केलंत! बाहेरचा दिवा चालू म्हणजे 'या', बंद म्हणजे 'इथे काही नाही'. एवढी खूण सगळी पोरं पाळतात.

फिरायला हाफ मून बे. तिथला भोपळा महोत्सव १९७१ पासून चालू आहे, गावातली मेन स्ट्रीट सुधारायला पैसे हवे होते म्हणून सुरू झाला. ऑक्टोबरच्या मध्यावर शनिवार-रविवार असतो, रस्त्यावर फिरायला तिकीट नाही, दिवसाउजेडी सगळं. त्याच्या आधीच्या सोमवारी राक्षसी भोपळ्यांचं वजन करतात. २०२३ मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगरने आणलेला भोपळा २,७४९ पौंड भरला, म्हणजे जवळजवळ १,२४७ किलो. तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. ते धूड बसकं, फताडं, फिक्कट नारिंगी असतं. गोल गरगरीत भोपळा डोक्यात ठेवून गेलात तर निराशा होईल, पण लहान मुलं खूश होतात.

मात्र महोत्सवाच्या दिवशी ९२ नंबरच्या रस्त्यावर गाडी घालायची म्हणजे गणपतीला कोकणात निघाल्यासारखं. एकदा आम्ही डोंगरावर अडकलो तेव्हा डब्यातले पोहे, चिवडा आणि मुलाचा धीर, तिन्ही तिथेच संपले. त्यापेक्षा आठवड्यातल्या दिवशी दुपारी जा. रस्त्याला लागूनच भोपळ्यांचे मळे आहेत.

मूळची_साताऱ्याची

ताई, हाफ मून बे सोडा. ९२ म्हणजे आधी ८८० आणि मग सॅन मटेओचा पूल, पहिल्याच वेळी नको. तुमच्या घराजवळ आर्डनवूड असताना लांब कशाला जाताय?

आर्डनवूड हिस्टॉरिक फार्म फ्रीमाँटमध्येच आहे, पासेओ पाद्रे पार्कवेने फ्रीवेला न लागता जाता येतं. सोन्याच्या शोधात १८४९ मध्ये आलेल्या पॅटरसनने सोनं सोडून शेती केली, त्याचं हे शेत. आता ईस्ट बे रीजनल पार्कवाले चालवतात. साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर त्यांचा सुगीचा उत्सव असतो. त्यात लोकांना चक्क मक्याच्या शेतात सोडतात: लाह्यांचा मका आणि तो रंगीबेरंगी इंडियन कॉर्न आपल्या हाताने मोडायचा आणि घरी न्यायचा. पिशव्या घरून न्या, जाड कापडाच्या. बाकी शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या, जुन्या लाकडी डब्यांची छोटी आगगाडी. झाडांखाली बाकं आहेत. आणि मोर मोकळे फिरतात! आमच्या आईला अमेरिकेत सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते मोर. गोल्डन गेट ब्रिजला दुसरा नंबर.

फक्त एक, महिनाअखेरीला तिथेच रात्रीची भुतांची आगगाडीही असते. वेबसाइटवर तारीख आणि वेळ नीट बघून सकाळचंच ठरवा. कुठल्याही जागेच्या जाहिरातीत हाँटेड, टेरर, स्क्रीम असे शब्द दिसले की पान बंद करायचं. हार्वेस्ट, पंपकिन पॅच, नॉट-सो-स्पूकी असं असेल तरी आधी फोन करून विचारायचं, "मुखवटा घातलेली माणसं अंगावर येतात का?" मी दर वर्षी विचारते. लाज वाटायचं कारण नाही.

हॅलोविनला चेहरा कोरून आत दिवा ठेवायचा तो भोपळा घारग्यांसाठी वापरू नका. आमच्याकडे तो प्रयोग झालाय. पाणचट, रेषाळ, गोडी शून्य. घारग्यांना 'शुगर पाय' लिहिलेला लहान भोपळा किंवा काबोचा (जपानी भोपळा) घ्या. आणि भोपळा दोनतीन दिवस आधीच कोरा. इथल्या ऑक्टोबरच्या उन्हात आठवडाभरात त्याला बुरशी येते आणि तोंड आत ओढलं जातं, कवळी काढल्यासारखं.

वाचनमात्र

कँडीपुरतं लिहिते. कँडी कॉर्न, मार्शमॅलो आणि बहुतेक गमीजमध्ये (रबरासारख्या मऊ गोळ्या) जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. इथल्या स्टारबर्स्टमध्येही असतं. स्किटल्समध्ये नाही. स्निकर्समध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. सुट्या चिमुकल्या पाकिटांवर घटक छापलेले असतीलच असं नाही, म्हणून दुकानात मोठ्या पिशवीवर वाचून फोटो काढून ठेवा. घरी आल्यावर लेकीशी अदलाबदल करायची: दोन स्टारबर्स्टला एक किटकॅट. आमच्याकडे हा बाजार तासभर चालतो.

कोणाच्या पायरीवर मोरचुदी रंगाचा भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर असं काही मिळतं. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी २०१४ पासून ही पद्धत देशभर पसरली. तुमच्यासारख्यांनाही सोयीची.

अपार्टमेंटात_राहणारा

अपार्टमेंटवाल्यांनी ट्रंक-ऑर-ट्रीट शोधावं. पार्किंगमध्ये गाड्या ओळीने लावून डिक्क्या सजवतात, मुलं डिकीडिकीने कँडी गोळा करतात. शाळा, चर्च, वाचनालयं करतात. जिने नाहीत, अंधारे रस्ते नाहीत, आजींना घडीची खुर्ची टाकून बसता येतं. ३१ ला बाहेर पडायचंच असेल तर साडेपाचला निघा. सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, आणि घाबरवणारी मोठी पोरं त्यानंतरच उतरतात. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करणं २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारवर गेलं, म्हणून निदान एवढा उजेड तरी मिळतो.

जुना_सदस्य

दिवाळी तोंडावर आली असताना ही भुतंखेतं कशाला? आकाशकंदील करायला शिकवा मुलीला.

गोंयकार

काका, आमच्या गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्रीच भुतंखेतं असतात! वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात, हे एवढाले डोळे, बाहेर आलेले सुळे. पहाटे जाळतात. लहानपणी मी त्याला घाबरायचो. मग एका वर्षी थोरल्या भावाने मला त्याच्या पोटात गवत कोंबायला बसवलं. ज्याच्या पोटात आपण गवत भरलं, त्याला काय भ्यायचं?

ताई, भोपळ्याचा चेहरा लेकीला काढू द्या. हवा तेवढा वाईट काढू दे. सुरी तिच्या हातात नको, मार्करने रेषा तिने मारायच्या आणि कापायचं मोठ्यांनी. आतल्या बिया मात्र तिलाच उपसू द्या.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मध्ये फराळ होता. जुने सदस्य काका, आकाशकंदीलही केला, गॅलरीत लावलाय. त्याच्या खाली भोपळा आहे.

आर्डनवूडला गेलो. मीच गाडी चालवली. लेक पहिली दहा मिनिटं माझ्यामागे लपून प्रत्येक गवताच्या भाऱ्याकडे बघत होती. मक्याच्या शेतात शिरलो तर तिला कणीस तुटेना. ती ओढतेय, ताट वाकतंय. सासूबाई बाकावरून उठल्या, म्हणाल्या, "ओढू नको, खाली दाब आणि पीळ." कट्ट! मग गुडघे वगैरे विसरून त्या ओळीत पुढे, नात मागे पिशवी धरून. शेजारचं एक अमेरिकन कुटुंब बघत उभं होतं, त्यांच्या पोरांनाही शिकवलं, शुद्ध मराठीत. रंगीत कणसाचा पाला सोलला की आतून लाल, जांभळे, काळसर निळे दाणे निघत, आणि दर वेळी दोघी एकदमच "अय्या!" करत. मोर दिसला तेव्हा तर सासूबाईंना तो व्हिडिओ कॉल करून सांगलीच्या घरी दाखवायचाच होता, पण तिकडे रात्रीचे दीड वाजले होते.

भोपळ्याला सुरी लावताना नवीनच अडचण आली. बाईने अख्खा भोपळा आधी चिरू नये, असं सासूबाईंचं ठाम मत. नवरा कॉलवर. शेवटी त्याने म्यूट करून येऊन पहिला काप दिला आणि परत गेला. चेहरा लेकीने काढलाय: तीन डोळे आणि एकच दात. नाव ठेवलंय 'करवतवाला'. रात्री त्याच्यात दिवा लावायला तीच पुढे असते. बाथरूमच्या दारात मी अजून उभी राहते, पण आता दार लोटलेलं चालतं.

३१ साठी वेश ठरलाय. नात भोपळा, आजी भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी. नऊवारी आणि काठी आहेच. वाघ व्हायला नवऱ्याला सुट्टी मिळाली तर बघू. बारा फुटी सांगाड्याच्या गल्लीत मात्र जायचं नाही, हा दोघींचा ठराव कायम आहे.

आता नवीन प्रश्न. लाह्यांच्या मक्याचे दाणे त्याच रात्री उत्साहाने कढईत टाकले, एकही फुटला नाही, नुसते करपले. ओले असतील असं सासूबाई म्हणतात. कणसं गॅलरीत दोरीला बांधून टांगली आहेत, लेक रोज मोजते. कोणी केलंय का? किती दिवस वाळवायची?