१९६६ ची मस्टँग की १९६७ ची कॅमेरो: बघायला जाताना काय तपासावं?

तिरपा_गिअर:
ओहायोत दोन गाड्या विकायला आहेत, घ्यायची एकच. एक फोर्डची १९६६ ची मस्टँग फास्टबॅक (छप्पर मागे उतरत जाणारी), २८९ घन इंची व्ही-८ इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. दुसरी शेव्हरोलेची १९६७ ची कॅमेरो, विकणारा तिला झेड-२८, म्हणजे शर्यतीसाठीची खास आवृत्ती म्हणतो. दोन्ही रंगवून चकाचक केल्यात. कोणती भारी या वादात पडायचं नाही (तुम्ही पडालच). गाडी लिफ्टवर घेऊन बघायची परवानगी मिळाली आहे. नेमकं कुठे बघू?

गंजशोधक:
रंगाकडे ढुंकूनही पाहू नका. मस्टँगचा खरा रोग काउलमध्ये, म्हणजे पुढच्या काचेखाली हवेची जाळी असते तिच्या आत. हवा केबिनमध्ये येते त्या भोकांभोवती पत्र्याची उभी कड आहे. त्या कपारीत पानं-माती साचते, ओल राहते आणि कड कुजते. मग पाणी थेट पायापाशी. गालिचा उचला, जाळीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन मिनिटं पाणी सोडा आणि दुसऱ्याला टॉर्च देऊन डॅशखाली झोपवा. थेंब दिसला तर भाव पाडा, कारण नीट दुरुस्ती म्हणजे फेंडर, बॉनेट, काच काढून स्पॉट वेल्ड ड्रिल करत काउल सोडवायचा. वरून सीलंट थापलेलं दिसलं तर समजून जा.

नंतर शॉक टॉवर, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे, पुढच्या सस्पेन्शनचा भार घेणारे पत्र्याचे खांब. वरचा कंट्रोल आर्म (चाक धरणारा हात) जिथे बोल्टने बसतो तिथे तडे जातात. टॉवर आत झुकले असतील तर फायरवॉलकडून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडून) येणारी ब्रेस, म्हणजे आधाराची दांडी, काढल्यावर परत भोकात बसत नाही. हे बॉनेट उघडूनच कळतं.

चेसिस नंबर डाव्या आतल्या फेंडरच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. ६ म्हणजे १९६६, पुढचं अक्षर कारखान्याचं, मग ०९ म्हणजे फास्टबॅक. ०७ दिसलं तर साध्या कूपेवर फास्टबॅकचं छप्पर चढवलंय. पाचवं अक्षर इंजिनाचं: सी म्हणजे दोन बॅरलच्या (कार्ब्युरेटरच्या हवेच्या नळ्या) कार्ब्युरेटरचं २०० अश्वशक्तीचं, ए म्हणजे चार बॅरलचं २२५ चं, के म्हणजे २७१ चं. टी असेल तर गाडी मुळात सहा सिलिंडरची. तिला चाकाला चारच नट असायचे, त्यामुळे व्ही-८ बसवताना ब्रेक, स्प्रिंग, मागचा अ‍ॅक्सल बदलला का ते बघा. बरेच जण नुसतं इंजिन टाकून मोकळे होतात.

छोटा_ब्लॉक:
आता खऱ्या गाडीबद्दल. १९६७ ची झेड-२८ एकूण ६०२ बनल्या, त्यामुळे संशय घेऊनच जा. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीची मर्यादा पाच लिटर होती, म्हणून ४ इंची बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ३ इंची स्ट्रोक (पिस्टनची धाव) जमवून ३०२ घन इंची इंजिन केलं. चेसिस नंबरवरून झेड-२८ कळतच नाही. १२४३७ एवढंच सांगतो की व्ही-८ कूपे आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा कारखान्याचा एसी दिसला की तिथेच नमस्कार करा, झेड-२८ ला दोन्ही मिळत नव्हते. पुढे डिस्क ब्रेक हवेतच. मागच्या अ‍ॅक्सलच्या झाकणाचे बोल्ट मोजा, १२ पाहिजेत. इंजिनाचा शिक्का उजव्या हेडच्या पुढे, ब्लॉकवरच्या सपाट जागेवर असतो, शेवटी सहसा ‘एमओ’ असतं. त्या जागेवर कारखान्याच्या मशीनिंगच्या बारीक समांतर रेघा असतात. रेघा नसून ती गुळगुळीत चमकत असेल, तर ब्लॉक घासून नवा शिक्का मारल्याची शक्यता धरा.

गंज: मागच्या काचेची खालची कड. चकचकीत पट्टीच्या क्लिपांपाशी पाणी अडकतं आणि डिकीत उतरतं. डिकीतली मॅट उचला. खालून पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि पुढची चाकं धरणारा वेगळा सांगाडा बघा. ती रबरी बुशवर बोल्टने बसते आणि जुना बोल्ट सोडवताना आतला नट पिंजऱ्यासकट फिरतो. बुश बदलणार असाल तर दोन-तीन दिवस आधीपासून भेदक तेल मारत राहा. परत कसताना सबफ्रेम आणि बॉडीची जुळणीची भोकं सरळ रेषेत आणा, नाहीतर फेंडरच्या फटी कधीच जुळणार नाहीत.

गंजशोधक:
‘खऱ्या गाडी’च्या मागे एकपानी स्प्रिंग आहे हे राहिलं सांगायचं. जोरात क्लच सोडला की मागचा अ‍ॅक्सल उड्या मारतो. १९६८ ला शेव्हरोलेने एक शॉक अ‍ॅक्सलच्या पुढे आणि एक मागे केला, तो उगाच नाही.

छोटा_ब्लॉक:
मान्य. पण ६६ च्या मस्टँगला ब्रेकचं सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. कॅमेरोला पहिल्यापासून दोन.

तिरपा_गिअर:
मस्टँग घेतली तर पुढे डिस्क टाकायच्या झाल्यास जुना मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला दाब देणारा) चालेल?

गंजशोधक:
नाही. दोन सर्किटचा, डिस्क-ड्रमसाठीचाच घ्या. ड्रमवाल्यात थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती डिस्कच्या लाइनवर आली की पॅड घासत राहतात, तापतात. मागच्या लाइनला दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागेल, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतील. आणि पेडलपासून मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या पुशरॉडला किंचित मोकळीक ठेवा.