सांध्याचे अंश मोजून कापूस वेचता येतो का? संशोधनाला पैसा द्यावा की नाही

बोंडवाला (धागाकर्ता)
अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सांध्याची हालचाल अन् स्नायूंची ताकद मोजतात. दोन्हींचं नुकसान 'अ + ब(९०−अ)/९०' या सूत्रात बसवतात, मोठा आकडा अ, लहान ब. ४० टक्के भरले की सवलती. पण बाई वेचणीला जाऊ शकेल का, हे त्यातून कळत नाही. डायनॅमोमीटर अख्ख्या मुठीचा जोर दाखवतो. बोंडातून कापूस ओढायला अंगठा अन् दोन बोटांची चिमट लागते, तिला पिंच गेज वेगळा. माप आणि रोजचं काम यांचा सांधा जोडणाऱ्या अभ्यासाला निधी द्या, एवढंच म्हणणं.

कॅलिपर आधी
काऊन बाप्पा, अजून एक अभ्यास? वाढत्या पोराचं कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, काही महिन्यांत आखूड पडते. पट्टा तुटला, रिव्हेट निघाला, तं जिल्ह्याला हेलपाटे. मापं घेणारे ढीगभर हायेत, जोडणारा कोणी नाई.

धुऱ्यावरून
भाऊ, कॅलिपरचंच घ्या. घोटा ९० अंशांत पक्का धरणारा प्लास्टिकचा एएफओ (घोटा अन् पावलापुरतं कॅलिपर) घातला की उकिडवं बसता येत नाही, टाच टेकत नाही. निंदणं बसूनच. बिजागरीचा एएफओ वाकू देतो, पण पावसाळ्यात काळी माती बिजागरीत बसली की अडकतो. किती अंश मोकळे ठेवायचे, हे अभ्यासाशिवाय कोण सांगणार? अंदाजाने केलेलं कॅलिपर शेवटी खुंटीला लटकतं.

साशंक
अभ्यास हवा, पण असा नको. रोजची कामं किती जमतात हे मोजणाऱ्या बार्थेल निर्देशांकात १० कामं, १०० गुण. जिना आहे, उकिडवं बसणं नाही, विहिरीवरून पाणी शेंदणं नाही. टाइम्ड अप अँड गो ही उठण्या-चालण्याची चाचणी साधारण ४६ सेंटिमीटरच्या खुर्चीवरून उठवते अन् ३ मीटर चालवते. इथं माणूस जमिनीवरून उठतो. अशा कामाशी माप जुळवाल तर निष्कर्ष सुबक निघेल आणि खोटा.

दुसरं, सांध्याचा कोन मोजणाऱ्या गोनिओमीटरने ५ अंशांचा फरक नुसता मोजणारा बदलल्यानेही येतो. ४ अंशांची 'सुधारणा' छापू नका. दोन जणांनी वेगवेगळं मोजून आधी जुळवा. सिकलसेल या रक्ताच्या आजाराने खुबा झिजलेल्याचं तर एका दिवसाचं माप फसवं. दुखण्याच्या दिवशी एक, बऱ्या दिवशी दुसरं.

बोंडवाला
पटलं. चालण्याची चाचणी दवाखान्याच्या फरशीवर अन् ऑगस्टातल्या ओल्या वावरात, दोन्हीकडे घ्यावी. चिमट तीनदा मोजून सरासरी, सोबत तासाभरात वेचलेल्या कापसाचं वजन.

कॅलिपर आधी
वावरात गाडी जाणारच हाय, तं तिच्यात रिव्हेट, पट्टे अन् एक कारागीर बसवा. माप घेऊन नुसते परत येणार असाल, तं माझा नकारच.