इटली नेमकी कोणाच्या बाजूने?

राजवाडाकर, इंदूर:
भाचीचा अभ्यास घेतोय. वहीत एका पानावर १८८२चा त्रिराष्ट्र करार: जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली. पान उलटलं तर पहिल्या महायुद्धात इटली इंग्लंड-फ्रान्सकडून! "मामा, छपाईची चूक असेल." मी पोह्यांवर शेव भुरभुरत वेळ काढला. कोणी सांगेल का?

लष्करवाली, ग्वाल्हेर:
चूक नाही हो. करार बचावापुरता होता, मित्रावर कोणी चालून आलं तरच मदत. १९१४ मध्ये सर्बियावर चाल केली ती ऑस्ट्रियानेच. इटलीने अंग काढून घेतलं. खरी गोम जमिनीची! ट्रेंटिनो आणि त्रिएस्ते ऑस्ट्रियाकडे होते, इटलीचा डोळा त्यावर. एप्रिल १९१५ मध्ये लंडनला गुप्त करारात ते कबूल झाले, २३ मे रोजी ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं. जर्मनीविरुद्ध मात्र थेट ऑगस्ट १९१६ मध्ये.
बाकी इंदूरकरांनी हे विचारावं? १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसले इंग्रजांशी झुंजत होते, तेव्हा होळकर कुठे होते?

राजवाडाकर:
आलंच ते! ताई, पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी इंग्रज कर्नल मॉन्सनला पळता भुई थोडी केली. तेव्हा तुमचे शिंदे सुर्जी अंजनगावचा तह करून बसले होते.

मांडवीवाला, बडोदा:
आमच्या गायकवाडांनी १८०२ मध्येच तैनाती फौज घेतली. मी आपला गप्प.

राजवाडाकर:
भाचीला पटलं. आता विचारतेय, रुमानियानेही तेच केलं का? १९१६ मध्ये, हो. पोहे पार गार झाले.