जपानी 'इरु' आणि कानडी 'इरु' : कानाला एक, मुळात दोन

पाटीपेन्सिल : काल इथे कुणीतरी लिहिलं की जपानी 'इरु' (असणे) आणि तमिळ-कानडी 'इरु' एकच, म्हणून जपानी भाषा द्रविडांचीच. वाचून राहवलं नाही. अहो, ८ व्या शतकातल्या जपानीत हा धातू 'वि' आहे, अर्थ 'बसणे'. 'व' पुढे गळाला, पण 'वि'चं वेगळं अक्षर १९४६ च्या लेखनसुधारणेपर्यंत टिकून होतं. आणि 'रु' हा नुसता प्रत्यय. इमासु (आहे), इता (होता), इनाइ (नाही), यात 'र' दाखवा. तमिळ 'इरुंदेन' (मी होतो) मध्ये तो धातूतच आहे.

सोलापूरकर : माझी आई कानडी. 'इरु' म्हणजे थांब, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. आमच्या 'इद्दे' (मी होतो) मध्ये तरी 'र' कुठाय? जपानी भाषाशास्त्रज्ञ सुसुमु ओनोंनी तमिळ-जपानी नात्यावर वर्षानुवर्षं काम केलं, तुम्ही चार ओळींत निकाल लावलात! दक्षिणेचं काही निघालं की लोकांच्या पोटात दुखतं.

पाटीपेन्सिल : दक्षिणेचा काय संबंध? जुन्या कानडीत याच भूतकाळी रूपात 'इर्द' आहे. तिथे 'र' होता, मग गेला. जपानी धातूत तो नव्हताच. ओनोंची मांडणी बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारलेली नाही.

हिरोशिमात तीन वर्षं : जपानीत 'असणे'साठी 'ओरु'ही आहे, त्याबद्दल कुणीच का बोलत नाही? पुण्यात जपानीच्या क्लासमध्ये शिकवलं, 'ओरु' हे नम्र रूप, स्वतःपुरतं वापरायचं. तिकडे शेजारच्या आजी दारातून हाक मारायच्या, "ओरु?" मी महिनाभर अवघडून वाकत राहिले. त्या फक्त विचारत होत्या, घरात आहेस का! टोकियोबाहेरही जपान आहे हे क्लासवाले सांगतच नाहीत.

सेन्सेई ताई : परीक्षेला येतं ते शिकवतो. 'आरु' (वस्तूंचं असणं) आणि 'इरु' (सजीवांचं असणं) यांत गोंधळणाऱ्या मुलांना बोली कधी शिकवू?

हिरोशिमात तीन वर्षं : एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? फी मात्र पूर्ण घेता.

सेन्सेई ताई : फी काढायची गरज नव्हती. पुढच्या बॅचला सांगेन ते वाक्य.

पाटीपेन्सिल : 'ओरु' मुद्द्याचंच आहे. जुनं रूप 'वोरि', म्हणजे 'वि' आणि 'आरि' ('आरु'चं जुनं रूप) मिळून, असं मानतात. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर त्याचंच 'वुन' : माणूस असला तर 'वुन', वस्तू असली तर 'आन'. 'व' अजून जिवंत आहे तिथे.

सोलापूरकर : बरं, 'व'चं मान्य. पण तमिळ 'इरु'लाही 'बसणे' हा अर्थ आहे, त्याचं काय?

पाटीपेन्सिल : आपण स्टँडवर उभ्याउभ्या "वाट बघत बसलो" म्हणतोच ना? बसण्यावरून असण्याकडे कुठलीही भाषा जाते. त्याला नातं लागत नाही.

सोलापूरकर : ओनोंना मी सोडत नाही. 'इरु' तेवढा तुमचा.