पावसात पोयाच्या पेट्या हलक्या झाल्यात, आत्ता विभाजन करू का?

कुडाळकर_बागायत:
नमस्कार मंडळी. घरामागच्या माडाच्या बागेत पोयाच्या माश्यांच्या (ट्रायगोना, डंख न मारणाऱ्या) चार पेट्या आहेत, शिवाय जुन्या चिऱ्याच्या भिंतीत एक वसाहत बरीच वर्षं आहे. जूनपासून पाऊस थांबायचं नाव नाही, पेट्या उचलून बघितल्या तर दोन अगदी हलक्या लागतात, मधाच्या कुप्या बऱ्याचशा रिकाम्या आणि दारावर येजा पण कमी. एका ओळखीच्यांनी सांगितलं की आत्ताच दोन-दोन भाग करून टाक म्हणजे दिवाळीपर्यंत आठ पेट्या होतील. पटत नाहीये पण ते ठामपणे सांगतायत. साखरेचा पाक द्यावा का, किती आणि कसा? आणि भिंतीतली वसाहत भिंत न फोडता वाढवता येईल का?

माडाखालचा_मधपाळ:
भाऊ आत्ता अजिबात फोडू नका. कारण सांगतो. भाग केले की जुनी राणी एकाच भागात राहणार, ती अंड्यांनी इतकी जड झालेली असते की तिला उडता येत नाही. दुसऱ्या भागात नवी राणी राणीघरातून बाहेर येणार आणि तिला नराशी मिलनासाठी बाहेर उडावं लागणार, आता या पावसात ती उडणार कधी आणि वसाहत हलाखीत असताना नर तरी किती असणार? त्यात अंड्यापासून माशी बाहेर यायला दीड महिन्याच्या आसपास लागतो, तोपर्यंत आहेत त्याच कामकरी माश्या म्हाताऱ्या होत जातात आणि मरतात, जागा भरायला कोणी नाही. अर्ध्या माश्या आणि अर्धा साठा घेऊन बसलेल्या दोन्ही पेट्या सप्टेंबरात मुंग्यांच्या ताब्यात जातात.

पाक द्या पण हातचं राखून. साखर आणि पाणी समान मापात, पाणी उकळून साखर विरघळवायची, पूर्ण थंड करून बाटलीच्या झाकणात थोडासा ओतायचा, त्यात काड्या किंवा लाकडाचे तुकडे टाकायचे नाहीतर ह्या एवढ्याशा माश्या बुडतात. ठेवायचं पेटीच्या आत. बाहेर ठेवलंत तर मुंग्या आणि सातेरी (पोळ्यातल्या डंखवाल्या मधमाश्या) दोघी येणार. संध्याकाळी ठेवा, उरलेला पाक काढून टाका, दमट हवेत तो लगेच आंबतो. आणि बाजारातला मध पाजू नका, रोग कुठून येईल सांगता येत नाही.

वेंगुर्ल्याची_ताई:
वरचं सगळं बरोबर पण एक गोष्ट राहिली आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. साखर म्हणजे फक्त ताकद, त्यातून पिल्लं वाढत नाहीत. अळीचं अन्न परागाशिवाय बनत नाही. पोयाची कामकरी माशी कोठडीत आधी अन्न भरते, राणी त्यावर अंडं घालते आणि कोठडी लगेच बंद होते, नंतर अळीला भरवायला कोणी जात नाही. म्हणजे पराग नसेल तर नवीन कोठड्याच बांधल्या जात नाहीत, कितीही पाक पाजा.

त्यामुळे पाऊस उघडला की दाराशी थोडा वेळ बसा आणि येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसतात का बघा. दिसत असतील तर घाबरायचं कारण नाही. ह्या माश्या साधारण चारशे-पाचशे मीटरच्या आतच फिरतात म्हणून तुमच्या आवारात काय फुलतं त्यावरच सगळं आहे. माड बारा महिने फुलतो हे तुमचं नशीब. लाजाळू उपटू नका, पावसात परागासाठी तिच्यासारखी नाही. परड्यात मका, काकडी, भोपळा, बांधावर तेरडा, कुंपणावर आईस्क्रीमची वेल. आणि फुलोऱ्यात असताना फवारणी नको, हे शेजाऱ्यांना पण सांगा!!

पेडणे_गोवा:
पेटी पागोळीच्या आत घ्या, दार नैऋत्येच्या झडीकडे नको. स्टँडचे पाय तेल घातलेल्या वाट्यांत. आणि सारखी पेटी उघडून बघू नका, परागाची कुपी फुटली की वासाने चिलटांसारख्या परक्या माश्या-किडे येऊन अंडी घालतात आणि कमजोर वसाहत तिथेच संपते. वजन बघायचं तर तराजू लावा.

कुडाळकर_बागायत:
खूप आभार सगळ्यांचे. मग विभाजन कधी आणि भिंतीचं काय?

माडाखालचा_मधपाळ:
पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर, आणि तेही फक्त ज्या पेट्या तेव्हा भरलेल्या असतील त्यांचंच. हलक्या दोन पेट्या यंदा तशाच राहू देत, त्या आंबा-काजूच्या मोहोरावर स्वतःहून सावरतील. उघडल्यावर पिलावा (अंडी-अळ्या वाढतात त्या कोठड्यांचा पुंजका) नीट बघा. गडद तपकिरी कोठड्या नव्या, फिकट पिवळसर त्या पिकलेल्या, लवकरच माश्या बाहेर पडणाऱ्या. राणी नसलेल्या भागात पिकलेला पिलावा आणि राणीघर असलंच पाहिजे, ते बाकीच्या कोठड्यांपेक्षा ठळक मोठं असतं आणि बहुतेक पुंजक्याच्या कडेला. राणीघर दिसलं नाही तर पेटी बंद करा आणि दोन-तीन आठवड्यांनी परत बघा. नवी पेटी जुन्या जागी ठेवा म्हणजे बाहेर गेलेल्या माश्या तिला मिळतील, जुनी राणीवाली थोडी लांब.

भिंत फोडू नका. दाराच्या नळीभोवतालचं मेण-राळ जपून काढून ठेवा, तिथे पाइपचा तुकडा बसवून त्याचं दुसरं टोक रिकाम्या पेटीत आणि पेटीला समोरून बाहेर जायचं भोक. काढलेली राळ त्या भोकाभोवती चोपडायची म्हणजे वास ओळखीचा राहतो. जोडावर कुठे फट ठेवू नका, नाहीतर त्या तिथूनच ये-जा सुरू करतील. आत कुप्या आणि नंतर पिलावा दिसायला काही महिने जातात, कधी कधी राणी तयारच होत नाही, तेव्हा दुसऱ्या पेटीतला राणीघर असलेला पिलाव्याचा पुंजका द्यावा लागतो.

वेंगुर्ल्याची_ताई:
आणि मध काढताना एक तृतीयांश तरी कुप्या आत ठेवा, मे मध्ये सगळं पिळून घेतलं की जूनमध्ये पाक पाजायची वेळ येतेच. पोयाचा मध वर्षाला काहीशे ग्रॅमच मिळतो, मोह होतो हे कळतं, पण तो साठा त्यांनी ह्याच पावसासाठी केलेला असतो.