डेव्ह बिंग : गार्ड म्हणून थोर, महापौर म्हणून अपयशी?

माटुंगेकर (प्रश्न) :
इंडियन जिमखान्यावरील बास्केटबॉल सामन्यांनंतर आमच्या कट्ट्यावर डेट्रॉइट पिस्टन्स या अमेरिकी संघाचे जुने गार्ड (चेंडू पुढे नेणारे, खेळ रचणारे खेळाडू) डेव्ह बिंग यांच्यावरून वाद झाला. त्यांच्या खेळाविषयी दुमत नाही. परंतु ते डेट्रॉइटचे महापौर असतानाच, २०१३ मध्ये, डेट्रॉइटने दिवाळखोरीचा अर्ज केला, म्हणून त्यांचे निवृत्तीनंतरचे आयुष्य फसलेलेच म्हणावे, असे एका मित्राचे ठाम मत आहे. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

जुना गार्ड :
खेळाविषयी दुमत नसले, तरी त्यातली खरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९६६ मध्ये पिस्टन्सना हवा होता मिशिगन विद्यापीठाचा केझी रसेल. नवे खेळाडू निवडण्याचा पहिला मान कोणाचा, याची नाणेफेक न्यूयॉर्क निक्स संघाने जिंकली आणि दुसऱ्या क्रमांकावर बिंग पिस्टन्सच्या पदरात पडले. पहिल्या वर्षी ते सर्वोत्कृष्ट नवोदित ठरले, तर १९६७-६८ मध्ये २,१४२ गुणांसह लीगमध्ये अव्वल आले. लहानपणीच्या दुखापतीने त्यांचा डावा डोळा अधू होता, आणि १९७१ मध्ये लेकर्स संघाविरुद्धच्या हंगामपूर्व सामन्यात उजव्या डोळ्याला बोट लागून त्याचा आतला पडदा (रेटिना) सुटला. गार्डचे निम्मे काम नजरेचे असते, तरीही शस्त्रक्रियेनंतर ते त्याच हंगामात परतले आणि १९७६ च्या, लीगमधील निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले.

फोर्टातला बँकवाला :
मुंबईच्या नागपाड्यात घडलेल्या कित्येक बास्केटबॉल खेळाडूंना खेळाच्या बळावर रेल्वेत किंवा बँकेत नोकरी लागली, आणि त्या नोकरीनेच त्यांचा संसार चालवला. बिंग तर व्यावसायिक खेळाडू असूनही सुट्टीच्या महिन्यांत नॅशनल बँक ऑफ डेट्रॉइटमध्ये काम करीत. पहिल्या हंगामाचा पगार जेमतेम १५ हजार डॉलर होता, हेही ध्यानात घ्यावे. १९७८ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी एका पोलाद कंपनीत शिकाऊ म्हणून काम केले आणि मगच, १९८० मध्ये, चार कर्मचाऱ्यांनिशी बिंग स्टील ही कंपनी काढली. सुरुवातीला घरचे भांडवल बुडाले. पुढे जनरल मोटर्सची कामे मिळाली आणि धंदा सावरला. नाव मोठे होते म्हणून कंपनी चालली, हे मला पटत नाही, कारण नावावर पहिली भेट मिळते, दुसरी ऑर्डर मिळत नाही.

पालिका-निरीक्षक :
मूळ प्रश्नाकडे वळतो. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर २०१० मध्ये सव्वासात लाखांच्याही खाली आले होते. करदाते गेले, पण निवृत्तिवेतनाचा आणि कर्जाचा बोजा जागच्या जागी राहिला. २००९ मध्ये बिंग निवडून आले ते माजी महापौर क्वामे किलपॅट्रिक यांच्या राजीनाम्यानंतरच्या पोटनिवडणुकीत. मार्च २०१३ मध्ये मिशिगन राज्याने केविन ऑर यांना आपत्कालीन व्यवस्थापक नेमले, आणि सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह जुलैमध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला तो त्यांच्याच शिफारशीने. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासक आलेली मुंबई महापालिका आपण पाहिली आहे. मात्र डेट्रॉइटमध्ये महापौर पदावर होते आणि अधिकार दुसऱ्याकडे गेले होते. बिंग फार सावकाश निर्णय घेत, ही टीका मला रास्त वाटते. दिवाळखोरी त्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे आहे.

माटुंगेकर :
आभारी आहे. मग त्यांनी पुन्हा निवडणूक का लढवली नाही? पराभव दिसत होता म्हणून?

पालिका-निरीक्षक :
मनातले कारण मी सांगू शकत नाही. न लढण्याचा निर्णय त्यांनी मे २०१३ मध्येच, म्हणजे अर्जाच्या आधी, जाहीर केला होता. पुढे त्यांनी कृष्णवर्णीय मुलांना प्रौढ मार्गदर्शक मिळवून देणारी बिंग यूथ इन्स्टिट्यूट ही संस्था उभारली. १९८९ मध्ये पैशांअभावी डेट्रॉइटच्या सरकारी शाळांतील खेळ बंद पडू लागले, तेव्हाही निधी जमवायला हेच गृहस्थ पुढे आले होते. तुमच्या मित्राने हिशेब मांडताना हेही जमेस धरावे.