डिसेंबर १९४१ चा जर्मन पायदळ सैनिक : थंडीच्या कपड्यांबद्दल मदत हवी आहे

मंडळी, १/३५ स्केलचा (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) एक डायोरामा, म्हणजे छोट्या मॉडेल्सचा देखावा करतोय. मॉस्कोच्या वायव्येला क्लिनजवळ डिसेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्य मागे हटत होतं तो सीन आहे, बर्फातला रस्ता, एक घोड्याची स्लेज आणि मागे चालणारे चार सैनिक, बस एवढंच. पण कपड्यांपाशी गाडी अडकलीये.

'विंटर' म्हणून सैनिकांच्या छोट्या पुतळ्यांचे जे फिगर सेट मिळतात त्यातले बरेचसे त्या जाडजूड उलटसुलट सूटमधले असतात, एका बाजूने पांढरा आणि उलटा केला की करडा किंवा कॅमो (लपायला मदत करणारी ठिपक्यांची नक्षी). दिसतात भारी, पण तो सूट सैन्याला मिळाला १९४२-४३ च्या हिवाळ्यात, म्हणजे मॉस्कोची थंडी भोगून झाल्यावर, त्यामुळे माझ्या सीनला तो चालणार नाही. १९४१ मध्ये मोहीम हिवाळ्याआधीच उरकेल असं धरलेलं, त्यात रेल्वेने दारूगोळा आणि इंधन आधी पुढे पाठवलं आणि जे काही गरम कपडे होते ते पार पोलंडमध्ये पडून राहिले. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने लोकांकडून लोकरी कपडे, फर गोळा करायचं आवाहन केलं तेच २० डिसेंबरला, तोवर क्लिन हातचं गेलेलं. उणे ३० च्या आसपास थंडी आणि अंगावर नेहमीचा युनिफॉर्म, स्वेटर, लोकरी ग्रेटकोट (लांब जाड ओव्हरकोट), डोक्यात घालायची विणलेली नळी आणि विणलेले हातमोजे. त्या हिवाळ्यात लाखाहून जास्त लोकांना हिमदंश झाला. मला हे हाल फिगरमध्ये दिसायला हवेत, नाहीतर नुसते पांढरे कपडे घातलेले टकाटक सैनिक करून काय उपयोग.

म्हणून ग्रेटकोटवाले जुने फिगर घेतलेत आणि बाकीचं एपॉक्सी पुट्टीने (दोन भाग कालवले की कडक होणारा लगदा) करणार आहे. आता प्रश्न.

कोटाची कॉलर आधी गडद बाटलीहिरवी असायची, १९४० पासून कोटाच्याच रंगाची झाली. एकाच तुकडीत दोन्ही दाखवले तर चालेल ना? माझ्या मते चालावं, जुने कोट काही कोणी फेकून दिले नसणार, पण कोणाकडे त्या महिन्यातले फोटो असतील तर प्लीज टाका.

ती विणलेली नळी हेल्मेटखाली कान आणि हनुवटी झाकून घ्यायचे. पुट्टीवर विणकाम सुईने उठवू की या स्केलला तेवढं दिसतच नाही? हातमोज्यांच्या मनगटाला साइझप्रमाणे एक ते चार पांढऱ्या रेघा असतात, त्या मात्र मी काढणारच.

सगळ्यात जास्त अडलंय ते बुटांपाशी. तळाला खिळे, टाचेला लोखंडी नाल, म्हणजे थंडी थेट पायात, त्यामुळे आत कागद, गवत कोंबायचे हे माहितीये पण ते बाहेरून दिसणार कसं? एकाच्या पायाला पोत्याची फडकी गुंडाळावी असं डोक्यात आहे. दुसऱ्याला रशियन नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) बूट द्यायचेत. असे बूट मेलेल्या सैनिकांच्या, कैद्यांच्या आणि गावकऱ्यांच्याही पायातून काढून घेतले जायचे, आणि भर थंडीत घराबाहेर काढलेल्या त्या गावकऱ्यांचं काय झालं असेल हा विचार डोक्यातून जात नाही. म्हणून रस्त्याकडेला एक म्हातारी अनवाणी उभी करावी असं फार वाटतंय. बायको म्हणते नको, बघवणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

शेवटचं, हेल्मेट. चुन्याचा पांढरा हात मारलेला आणि कडेला घासून खालचा करडा दिसतोय असं हवंय. हेअरस्प्रे मारून वर पांढरा अक्रिलिक आणि मग ओल्या ब्रशने खरवडणं इतक्या छोट्या हेल्मेटवर कोणी केलंय का? की स्पंजच बरा? आणि बर्फासाठी खायचा सोडा वापरू नका, पिवळा पडतो असं ऐकलंय, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात टिकेल असं काय वापरता तेही सांगा.

पुट्टी या रविवारी कालवणार आहे, त्याआधी निदान बुटांचं तरी सांगा कोणीतरी.